धुण्याच्या दगडाजवळचा मुळा

स्वयंपाकघरात पत्र्याची डबी वाजली. खुळखुळ. जरा थांबून पुन्हा खुळखुळ.

कोल्हापूरहून येऊन आम्हांला बराच वेळ झाला होता. उदय पायातले मोजेही न काढता खुर्चीत बसला होता. आमची चार वर्षांची शरू त्याच्या पायाशी बसून मोज्याचा सुटलेला धागा ओढत होती. मी पलंगाच्या कडेला, पोटावर हात ठेवून.

आत्या डबी घेऊन दारात आल्या. सासूला आमच्या गडहिंग्लज भागात आत्याच म्हणतात.

"ऊठ," त्या मला म्हणाल्या. "मुळ्याचं बी लावून घेऊ. ऊन उतरलंय."

"आई, आज कशाला?" उदय म्हणाला. "दमलीय ती."

"दमू दे. वाफं सकाळीच ओलवून ठेवल्यात. उद्यापर्यंत घट्ट होतील." डबी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "काय म्हणाला डॉक्टर?"

उदयनं माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितलं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. बाळाच्या पाठीकडचं नीट दिसलं नाही. डोक्यात थोडं पाणी असल्यासारखं वाटतंय. बाळ अजून लहान आहे, दोन आठवड्यांनी परत या, मोठ्या मशीनवर बघू.

"दिसलं न्हाई म्हणजे न्हाईच असं थोडंच असतंय," आत्या म्हणाल्या. "चल."

मागच्या परड्यात त्यांनी दोन वाफे केले होते. आमच्या गल्लीत आत्यांच्या मुळ्यांचं नाव होतं. लांब, सरळ, पांढरेशुभ्र, चावले की कट्कन तुटणारे. त्यासाठी त्या दसऱ्यापासून मातीच्या मागे लागायच्या. कुदळीनं हातभर खोल खणायचं, ढेकळं फोडायची, बांधकामाची जुनी चाळण आणून माती चाळायची. शेणखत टाकायचं ते गेल्या वर्षीचं, कुजून पार भुगा झालेलं. ताजं घातलं तर मुळ्याला दाढी फुटते म्हणायच्या. शरूकडे खडे वेचायचं काम होतं. स्टीलच्या पेल्यात ती एकेक खडा टाकायची आणि पेला भरला की भिंतीपलीकडे ओतायची. खाली जाता जाता मुळ्याला खडा लागला तर तो दोन्ही बाजूंनी जातो, त्याला दोन पाय फुटतात. तसला दुफाट्या मुळा आत्या कुणाच्या घरी पाठवत नसत. तो शेजारच्या इंदुकाकींच्या म्हशीला.

"ओढणी पुढं धर," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"ओटीतनं घ्यायचं बी. पोटुशीच्या हातचं पेरलं की चांगलं येतंय. शरूच्या वेळी तूच तर पेरलं होतंस. आठव की, केवढालं आलं होतं."

मी पंजाबी ड्रेसची ओढणी पसरली. डबीतलं तांबूस बी त्यांनी त्यात ओतलं.

"मला पण ओटी!" शरू फ्रॉक धरून उभी राहिली.

"तुझ्या पोटात काय हाय गं?"

"बिस्कीट."

आत्या इतक्या हसल्या की त्यांना वाफ्याच्या कडेला बसावं लागलं. दिवसभरात पहिल्यांदा मलाही हसू आलं. शरूच्या ओटीत त्यांनी चिमूटभर बी टाकलं आणि आम्ही दोघी मायलेकी वरंब्यावर बोटानं रेघ ओढून बी सोडत गेलो.

"जवळ जवळ पडतंय," मी म्हटलं.

"पडू दे. हात आखडू नको. मागनं विरळता येतंय."

बी चार दिवसांत वर आलं. पहिली दोन दोन पानं, बदामाच्या आकाराची. शरू रोज संध्याकाळी येऊन माझ्या पोटाला तोंड लावायची आणि आत बातमी सांगायची. "बाळा, आज पानं आली." "बाळा, आज आजीनं मांजराला हाणलं." मग कान लावायची. कधी कधी नेमकी आतून टिचकी बसायची.

"ऐकलं त्यानं," ती म्हणायची.

इंदुकाकी भिंतीवरून डोकावून वाफ्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायच्या. "मुलगाच हाय बघ तुला. तोंड कसं उतरलंय! मुलगी असती तर तेज आलं असतं."

"काय का असेना," आत्या म्हणायच्या. "तुमची म्हैस आधी बांधा. परत वाफ्यात आली तर दुधासकट ठेवून घेईन."

कोल्हापूरला परत जायच्या आदल्या दिवशी आत्या विरळणीला बसल्या. रोपं बोटभर झाली होती आणि एकमेकांच्या अंगावर पडत होती. दोन बोटांत धरायचं, हलकेच वर ओढायचं, बाजूला टाकायचं. दोन रोपांत चार बोटं जागा राहील असं. मीही वाकले आणि एका रोपाला हात घातला.

"हां! हात मागं घे."

मी दचकलेच.

"पोटुशी बाईनं मुळासकट काही उपटू नये."

"असं कुठं लिहिलंय, आत्या?"

"लिहिलेलं न्हाई. पाळतात."

मी हात मागे घेतला. शरू मात्र वाफ्याशी उकिडवी बसून आजीच्या हातांकडे बघत होती. "आजी, का काढतीस गं त्यांना?"

"दाटीत कुणालाच खायला मिळत न्हाई. सगळीच वाळकी ऱ्हातात. मग जे नीट वाढणार न्हाई ते आधीच काढायचं."

"कुठलं नीट वाढणार नाही ते कसं कळतं?"

"बघून बघून कळतं."

"आणि चुकलं तर?"

आत्यांनी आणखी एक रोप ओढून बाजूला टाकलं. "चुकलं तर चुकलं. काढल्यावर कुणाला कळतंय?"

एक वाफा झाला आणि अंधारून आलं. दुसरा तसाच राहिला. "आल्यावर बघू," त्या म्हणाल्या आणि आमची पिशवी भरायला आत गेल्या.

मोठ्या मशीनच्या खोलीत फार थंडी होती. डॉक्टरीणबाईंनी आधी स्क्रीन माझ्याकडे वळवलेली होती. थोड्या वेळानं त्यांनी ती स्वतःकडे फिरवून घेतली आणि शेजारच्या खोलीतून आणखी एका डॉक्टरांना बोलावलं. दोघं हळू आवाजात इंग्रजीत बोलले. मी वर पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

मग टेबलाशी बसवून त्यांनी सांगितलं. कणा खालच्या बाजूला उघडा राहिलाय. डोक्यातलं पाणी वाढलंय.

"जगेल का?" उदयनं विचारलं.

"काही मुलं जगतात. कशी, ते मी आज सांगू शकत नाही. पाय हलतील असं वाटत नाही. ऑपरेशनं लागतील, एक नाही. बाकीचं जन्मल्यावरच कळेल."

"तुम्ही आमच्या जागी असता तर?"

त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "नाही हो, मी तुमच्या जागी नाही," त्या म्हणाल्या. आवाज चांगला होता त्यांचा. "फार दिवस हातात नाहीत, एवढंच सांगते. दोघं बाहेर बसा. चहा घ्या. बोला."

आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. दोन चहा आले.

"तू सांग," उदय म्हणाला.

"तू सांग."

शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी मुलगा झाला होता. त्यांनी आम्हांलाही पेढे दिले. पेढा हातात धरून आम्ही बसून राहिलो. चहावर साय धरली. मग उदयनं एकदाच तोंड उघडलं. "आपल्यामागं त्याला कोण बघणार? शरू?" आणि तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळला.

पोटात आतून टिचकी बसली. मी ते त्याला सांगितलं नाही.

घरी आलो ते आठवड्यानंतर. आत्यांनी उंबऱ्याबाहेर उभं करून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. उदयनं त्यांना फोनवर सगळं सांगितलेलं होतं. मला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याची पट्टी काढली आणि दूध चढू नये म्हणून माझ्या छातीवर गच्च बांधली.

"दुखतंय?"

"हं."

"दुखणारच. येड्या अंगाला काय कळतंय," त्या म्हणाल्या.

शरू धावत आली ती थेट माझ्या पोटाशी. आठवडाभराच्या बातम्या साठल्या होत्या. तिनं तोंड लावलं, "बाळा, आपल्या मांजरीला ना..." आणि मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून बाजूला केलं.

"शरू, तिथं आता कुणी नाही."

"कुठं गेलं?"

"देवाघरी," आत्या घाईनं म्हणाल्या.

शरूनं माझ्याकडे बघितलं. तिला खोटं सांगायचं नाही असं आम्ही कधीतरी हौसेनं ठरवलेलं होतं. "बाळ नीट वाढत नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून डॉक्टरांनी काढलं."

माझ्या पोटावरून तिनं एकदा हात फिरवला, कपाट रिकामं आहे का बघतात तसा, आणि बाहेर गेली.

संध्याकाळी मी उठून परड्यात आले. आत्या म्हणाल्या होत्या झोपून राहा, पण झोपलं की छत दिसत होतं. पहिल्या वाफ्यातली रोपं चांगली सुटी, रुंद पानांची झाली होती. दुसरा वाफा राहिलाच होता. आठवडाभरात रोपं उंच, बारीक, फिकट झाली होती, एकमेकांना टेकून उभी होती. आत्या नळाशी बादली भरत होत्या.

मी वाफ्याशी खाली बसले. दोन बोटांत एक रोप धरलं आणि आत्यांकडे पाहिलं.

त्याही माझ्याकडेच बघत होत्या. बादली भरून पाणी वाहायला लागलं होतं.

त्यांनी मला अडवलं नाही.

मी ओढलं. मातीला काही वाटत नाही, लगेच सोडते. खाली दोऱ्याएवढं पांढरं मूळ, त्याला चिकटलेला मातीचा कण. बाजूला ठेवलं. दुसरं ओढलं. आत्यांनी नळ बंद केला, येऊन माझ्या समोर बसल्या आणि दुसऱ्या टोकाकडून विरळायला लागल्या. मध्ये आमचे हात जवळ आले तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे आता," आणि माझ्या बोटांची माती आपल्या पदरानं पुसली. तेव्हा मला रडू आलं. हॉस्पिटलात आलं नव्हतं.

शरू कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं फ्रॉकचा घेर ओटीसारखा पुढे धरला होता आणि बाजूला टाकलेली रोपं एकेक करून त्यात भरत होती.

"राहू दे गं, भाजीत घालू पाला," मी नाक पुसत म्हटलं.

"नाही. मी लावणार."

"उपटलेला मुळा लागत नाही, शरू. मिरची लागते, वांगं लागतं. मुळा नाही."

"का?"

"त्याचं मूळ एकदा सुटलं की मग ते परत धरत नाही."

"लावू दे तिला," आत्या म्हणाल्या. "तेवढाच खेळ."

धुण्याच्या दगडाजवळ, जिथं साबणाचं पाणी वाहायचं आणि जिथली जमीन नुसती मुरमाड होती, तिथं तिनं काठीनं भोकं पाडली आणि ती सगळी रोपं लावली. दुसऱ्या दिवशी सगळी आडवी पडली. ती खडे वेचायचा पेला भरभरून पाणी घालत राहिली. दगडावर धुणं धुताना मी त्या बाजूला बघायचं टाळायची.

ते दिवस मला सलग आठवत नाहीत. उदय सकाळी लवकर जायचा, उशिरा यायचा, आणि जेवताना मिठाची चिमूट मागण्यापुरतं बोलायचा. एकदा मी विचारलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "कशाचं?" आणि मीही म्हटलं, "काही नाही, पाण्याच्या टाकीचं." इंदुकाकी भिंतीशी येत, वाफ्यांवर बोलत, म्हशीवर बोलत, माझ्याकडे बघत नसत. आत्या मुळ्यांना मातीची भर लावत होत्या. खांदा उघडा राहिला तर हिरवा पडतो, तिखट होतो. पाणी एक दिवस जास्त नाही, एक दिवस कमी नाही. एवढ्या मायेनं त्यांना मी मुळे करताना कधी बघितलं नव्हतं. किंवा बघितलं असेल, लक्ष नसेल.

आम्ही ठरवलं ते चुकलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. शरू आता सातवीत आहे, तिच्या पाठच्या भावाला झोपवून मी हे लिहितेय. त्या वर्षाचं तिला काही आठवत नाही. मी एकदा आडून विचारून पाहिलं. मला मात्र मुळे काढले तो दिवस आठवतो.

मार्गशीर्षातली सकाळ होती, चांगलीच थंडी. "आज काढू," आत्या म्हणाल्या. "आणिक ठेवलं तर आतनं जाळी पडंल." उदयला सुट्टी होती. टोपली घेऊन तोही आला, बऱ्याच दिवसांनी आम्ही सगळे एकत्र उभे होतो. आत्यांनी पानांचा झुबका बुडाशी धरला, किंचित पीळ दिला आणि वर ओढला. पांढरा, सरळ, हातभर मुळा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. एकाही मुळ्याला डाग नव्हता, फाटा नव्हता.

"आई, काय आलेत गं!" उदय म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज मोकळा ऐकला.

इंदुकाकी भिंतीवर आल्या. "आत्याबाई! बाजारात पण असलं मुळं न्हाईत की हो. पेरताना हात कुणाचा लागलावता..."

आणि मध्येच थांबल्या. पदर तोंडाशी नेला.

"घ्या," आत्या म्हणाल्या आणि भिंतीवरून दोन मुळे त्यांच्या हातात दिले. "चटका करा. डाळ भिजत घाला आत्ताच."

"घालतो," काकी म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

उदय मुळे मोजल्यासारखे टोपलीत लावत राहिला. मीही एक मुळा काढला. हाताला गार लागला.

"माझा पण! माझा पण काढायचा!" शरू धुण्याच्या दगडाकडून ओरडली.

"तिथं काय असणार गं," मी म्हटलं. पण बघितलं तर होतं. सुकलेल्या काड्यांच्या मधे एकच रोप उभं होतं, पानं भोकाभोकांची, पण हिरवी. मी कधी बघितलंच नव्हतं. शरूनं दोन्ही हातांनी झुबका धरला आणि ओढला. निघेना. दोन्ही पाय दगडाला लावून तिनं पुन्हा ओढला आणि मुळ्यासकट मागे पडली.

आखूड होता. मधेच दोन फाटे फुटले होते, एक जाडसर, एक बारीक, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले, मांडी घालून बसल्यासारखे. एका फाट्यानं मुरमाचा खडा कवटाळून धरला होता. सगळ्या अंगाला बारीक केस.

मला वाटलं, आता आत्या म्हणतील, म्हशीला टाक. त्यांनी हात पुढे केला. मुळा घेतला, नळाखाली धरला, अंगठ्यानं माती हळूहळू काढली. खडा मात्र काढला नाही. मग पदरानं टिपून तो तसाच तळहातावर धरून उभ्या राहिल्या.

"लागला, आजी!"

"लागला की गं बाई," त्या म्हणाल्या.

उदय टोपलीवरून उठून उभा राहिला होता.

शरूनं मुळा परत घेतला आणि माझ्यापाशी आली. दोन्ही हातांवर आडवा घेऊन, डोकं कोपराच्या खळगीत येईल असा. तिच्या कपाळाला माती लागली होती.

"आई, तू म्हणालीस उपटलेला लागत नाही. हा बघ लागला. वाकडा आलाय, पण लागला."

"हो गं."

ती मुळ्याकडे बघत राहिली. मग धुण्याच्या दगडाकडे, मग माझ्याकडे.

"मग आपल्या बाळाला आपण इथं का नाही लावलं?"